टेनेसीची नक्कल करताना नक्की काय आणलं आणि काय तिकडेच राहिलं? (दामोदर, हेल्मंड, केनिया वगैरे)

पाटकरी (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त महिनाभर आसनसोलला होतो. एका रविवारी मैथन धरण बघायला गेलो आणि रात्री तिथंच मुक्काम केला. धरण झकास, पाणी अथांग, आणि जेवायला बसलो तर लाईट गेले. एवढ्या मोठ्या धरणाच्या उशाशी बसून मोबाईलच्या उजेडात माशाचे काटे काढत होतो, तेव्हापासून हा विषय डोक्यात भुणभुणतोय म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात, माहितीये त्यांनी पुढे सरका. १८ मे १९३३ ला रूझवेल्टनी टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या (टीव्हीए) कायद्यावर सही केली. सात राज्यांत पसरलेलं खोरं, अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक, जमिनी धुपून गेलेल्या, जागोजागी मलेरिया, आणि वीज म्हणाल तर शंभरात जेमतेम तीन शेतांवर. तिथं एकच संस्था काढली आणि पूर, वीज, जलवाहतूक, खत, जंगल, डास सगळं तिच्या गळ्यात घातलं. दहा-बारा वर्षांत खोऱ्याचं रूप एवढं पालटलं की बघायला जगभरातून पाहुण्यांची रीघ लागली आणि जो तो घरी जाऊन म्हणायला लागला की आम्हालाही एक टेनेसी पाहिजे.

आपल्याकडे १९४३ ला दामोदरचा मोठा पूर आला, रेल्वे आणि रस्ता वाहून जाऊन कलकत्ता तुटलं, तेही ऐन महायुद्धात. मग टीव्हीएचेच इंजिनिअर वूर्डुइन यांना बोलावलं, त्यांनी १९४५ ला ८ धरणांचा आराखडा दिला, १९४८ ला कायदा होऊन दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन (डीव्हीसी) सुरू झाली. आता त्या ८ पैकी डीव्हीसीने बांधली किती? तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. संपलं. बिहारने तेनुघाट नंतर स्वतंत्रपणे बांधलं ती गोष्ट वेगळी. १९७८ ला बंगाल बुडालाच, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तर पाणी सोडण्यावरून असं वाजलं की बंगाल सरकारने डीव्हीसीच्या बोर्डावरून आपला माणूसच काढून घेतला. खोऱ्याचा विकास करायला काढलेली संस्था आज मुख्यतः कोळशावर वीज बनवणारी कंपनी होऊन बसलीय.

माझा मुद्दा असा की आपण (आणि बाकीच्या देशांनी पण) टीव्हीएचं काँक्रीट आणलं, खुर्ची नाही आणली. टीव्हीए कुठल्याच राज्याला जबाबदार नव्हती, थेट राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद). डीव्हीसीला पहिल्या दिवसापासून तीन मालक, दिल्ली, बिहार आणि बंगाल. जमीन बुडणार बिहारची, पुरापासून वाचणार आणि कालव्याचं पाणी मिळणार बंगालला, मग पाचव्या धरणासाठी बिहारने आणखी गावं का द्यावीत? साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आराखड्यात कुठंच नव्हतं.

आज आफ्रिकेत वगैरे परत हीच भाषा ऐकू येते, खोरं, कॉरिडॉर, एकात्मिक विकास. त्या लोकांनी या जुन्या प्रयोगांतून नक्की काय उचलावं असं तुम्हाला वाटतं?

सातारी कंदी

वाचनखूण साठवली. एक भर घालतो, कारण ही गोष्ट मराठी माणसांनाच माहिती नसते. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं आणि पाणी-वीज त्याच खात्यात. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदरवर जी परिषद झाली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात महानदीसाठी कटकला दुसरी. नदी अनेक प्रांतांतून जाते तर तिचं नियोजन एका ठिकाणी व्हायला पाहिजे हा त्यांचा धोशा होता.

म्हणजे खुर्ची पाहिजे हे कळलं नव्हतं असं नाही हो पाटकरी. कळलं होतं, पण राज्यांनी द्यायला नको होतं? पुढे १९५६ ला नदी मंडळांचा कायदा झाला, त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. एकही नाही!! कायदा आहे, पुस्तकात आहे, छान आहे.

गंधाली

धागा चांगलाय पण टीव्हीएची आरती जरा जास्तच झाली.

नॉरिस धरणासाठी तीनेक हजार कुटुंबं उठवली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना पैसे मिळाले, जे दुसऱ्याची जमीन कसत होते त्यांना जवळपास काही नाही. ऐकल्यासारखं वाटतंय ना? धरणाच्या कामगारांसाठी नॉरिस नावाचं आदर्श गाव वसवलं, वीज-बागा सगळं, आणि त्यात काळ्या कुटुंबांना घर मिळत नव्हतं. धरण बांधायला चालत होते, राहायला नाही. लोकांच्या सहभागाचा एवढा गाजावाजा, पण खतांचे प्रयोग आणि सल्ला शेतकी कॉलेजांच्या यंत्रणेतून जायचा, ती यंत्रणा मोठ्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या ओळखीची, त्यामुळे लाभ कुणाच्या दारात गेला ते सांगायला नको.

आणि दामोदरचं म्हणाल तर धरणांची उंची नंतर सांगा, आधी बुधनी मेझानबद्दल सांगा. ६ डिसेंबर १९५९, पंचेतचं उद्घाटन, नेहरूंनी बटण दाबायला तिथल्याच एका संथाळ मजूर मुलीला पुढे केलं. पंधरा-सोळा वर्षांची पोर. तिने नेहरूंना हार घातला म्हणून जातीने तिला वाळीत टाकलं, परक्याशी लग्न झालं म्हणे. १९६२ ला धरणावरची नोकरी पण गेली. दोन दशकांनी राजीव गांधींच्या काळात परत मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वारली. त्या उद्घाटनाचा फोटो सगळ्यांनी छापला, ती घरी कशी गेली हे कुणी विचारलं नाही.

पाटकरी

गंधाली, बुधनीचं वाचून गप्प झालो. टीव्हीएच्या काळ्या बाजूबद्दल सहमत, आरती करायची नव्हती.

पण एक गोष्ट मला अजूनही भारी वाटते ती सांगतो. तलाव झाला की काठावर डास वाढणार हे त्यांना आधीच कळलं होतं, म्हणून डासांच्या हंगामात धरणाची पातळी दर आठवड्याला थोडी खाली-वर करायचे, काठावरच्या अळ्या कोरड्यावर पडून मरायच्या. म्हणजे धरणाचं गेट चालवणारा आणि मलेरियाचा डॉक्टर एकाच ऑफिसात बसत होते!! आपल्याकडे गेटवाल्याला डॉक्टरचा फोन नंबर तरी माहिती असतो का?

वऱ्हाडी ठेचा

पाटकरी भाऊ, दामोदरला कायले जाता, घरचंच पाहा ना. आपल्याकडे "खोरे विकास महामंडळ" नावाचे चांगले पाच आहेत. कृष्णा १९९६ ले झालं, मग तापी, विदर्भ, कोकण, गोदावरी. नाव टेनेसीचं, काम फक्त ठेक्याचं. कृष्णेचं पाणी २००० सालच्या आत अडवाचं होतं नाहीतर लवादात हक्क जाईल म्हणून महामंडळ काढलं, लोकायकडून रोख्यावर पैसा उचलला आणि एकदम शेकड्यानं कामं चालू केली. खोऱ्यातल्या शेतीचं, मातीचं, दवाखान्याचं त्यायच्याकडे काही नाही. अर्धवट कालव्यात आता बाभळी उभ्या हायेत.

अन् अनुशेष, म्हंजे मागास भागाचं राहून गेलेलं काम? दांडेकर समिती १९८४ ले अहवाल देऊन मोकळी झाली. तिचा हिशोब धरून पाह्यजे म्हणून वैधानिक विकास मंडळं आली १९९४ ले, दहा वर्षानं. २०२० च्या एप्रिलात त्यायची मुदत संपली अन् ते तसेच पडले. मंडळाच्या हाती पैसा कधीच नव्हता, होती ती फक्त शिफारस. शिफारशीनं विहिरीत पाणी येत नाही भाऊ.

संपादक मंडळ

विदर्भ विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र हा वाद इथे नको, त्यासाठी आधीच तीन धागे वाहतायत. वरचा प्रतिसाद विषयाला धरून आहे म्हणून ठेवलाय.

बॅटरीवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण हेल्मंडचं कुणीच काढेना म्हणून टंकतो.

अफगाणिस्तानच्या दक्षिणेला हेल्मंड नदी. १९४६ ला तिथल्या सरकारने मॉरिसन-नुडसेन या अमेरिकन कंपनीला बोलावलं (हूव्हर धरण बांधणाऱ्यांत हीच कंपनी होती), १९५० ला अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं २ कोटी १० लाख डॉलर कर्ज. काजकी धरण १९५३ ला झालं. १९५२ ला हेल्मंड व्हॅली अथॉरिटी, नावासकट टेनेसी. लष्करगाह शहर असं वसवलं की लोक त्याला छोटी अमेरिका म्हणायचे.

आता गंमत बघा. बोघरा कालवा काढला आणि नव्या जमिनीवर फिरस्त्या टोळ्यांना आणून बसवलं, की बाबांनो आता शेती करा. खाली कठीण थर होता, पाणी मुरेना, निचऱ्याचे चर खर्च वाचवायला कमी केलेले. काही वर्षांत जमिनी पाणथळ आणि वर मिठाचा पांढरा थर. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे इस्कटून सांगायची गरज नाही, क्षारपड म्हणजे काय ते तिथं पोरांनाही माहितीये. बरेच लोक जमीन सोडून परत गेले. पुढे त्याच कालव्यांवर अफू पिकली ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच.

कळस म्हणजे २००८ मध्ये काजकीला तिसरं टर्बाइन बसवायचं म्हणून ब्रिटिश सैन्याने जीव धोक्यात घालून ते वाळवंटातून नेलं आणि ते चालू झालं २०१६ ला. मधली आठ वर्षं ते तिथं नुसतं पडून.

थोडक्यात माती न बघता नकाशा आणला की असं होतं. खुर्ची वगैरे नंतर, आधी खड्डा खणून बघा खाली काय आहे.

आकडेमोड

मी जरा वेगळा सूर लावतो, चपला मारू नका.

टीव्हीएवर क्लाइन आणि मोरेटी या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०१४ चा अभ्यास आहे. त्यांनी बघितलं की १९६० च्या आसपास सरकारी पैसा आटल्यावर काय उरलं. शेतीतला रोजगार आधी वाढला होता तो नंतर विरून गेला. कारखान्यातला रोजगार मात्र पैसा थांबल्यावरही वाढत राहिला, म्हणजे एकदा कारखाने जमले की ते स्वतःच्या बळावर टिकले. हे पाटकरींच्या बाजूचं झालं. पण देश म्हणून हिशोब मांडला तर कारखाने एकमेकांजवळ आल्याचा जो फायदा खोऱ्याला झाला तेवढाच इतर भागांतून कमी झाला, ती बेरीज शून्य. रस्ते-वीज-धरणांचा थेट फायदा तेवढा खरा उरला.

मग गरीब देशाने एका खोऱ्यात पैसा ओतायचा कशासाठी? इटलीने दक्षिणेसाठी १९५० ते १९८४ एक मोठी निधी-संस्था चालवली, टारांटोला पोलादाचा कारखाना वगैरे उभे केले, लोक त्यांना वाळवंटातली कॅथेड्रलं म्हणायला लागले. आजूबाजूला एक लहान धंदा उगवला नाही. पैसा माणसांना द्या, शाळा-दवाखान्याला द्या, माणूस हलेल जिकडे काम आहे तिकडे.

सातारी कंदी

आकडेमोड साहेब, माणूस हलेल म्हणायला सोपं. आमच्या कोयनेची माणसं हलवली ना. साठ वर्षं झाली, अजून त्यांची पोरं-नातवंडं पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. कोयनेची वीज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना गेली, ज्यांच्या शेतावर पाणी आलं ते... असो, संपादक मंडळ बघतंय.

आकडेमोड

अहो मी स्वखुशीने हलण्याबद्दल बोलतोय, धरणाखाली हलवण्याबद्दल नाही.

सातारी कंदी

दुष्काळी तालुक्यातून मुंबईला हमाली करायला जाणं किती स्वखुशीचं असतं हा पण एक प्रश्नच आहे.

नैरोबीकर

उशिरा आलो. मी गेली अकरा वर्षं नैरोबीत, वीज वितरणाच्या कामात, त्यामुळे हा धागा वाचताना सारखी मान डोलवत होतो.

केनियाने टीव्हीएचा साचा अगदी मनावर घेतलेला. १९७४ ला ताना नदीसाठी प्राधिकरण (अथी नदी त्यात नंतर आली), १९७९ ला केरिओ खोऱ्यासाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूसाठी अजून दोन. तिन्ही आजही आहेत, ऑफिस आहे, बोर्ड आहे, गाड्या आहेत. पण वीज बनवणारी कंपनी वेगळी, विकणारी वेगळी. म्हणजे पाटकरी, तुम्ही खुर्ची म्हणताय, मी म्हणतो गल्ला. टीव्हीएचा गल्ला स्वतःचा होता. वीज विकून पैसा यायचा आणि १९५९ नंतर तर वीजविभागाला सरकारी अनुदान जवळपास बंदच झालं, रोखे काढा आणि ग्राहकाच्या बिलातून फेडा. ज्या प्राधिकरणाकडे बिल फाडायचा अधिकार नाही ते दरवर्षी बजेटच्या दारात वाडगा घेऊन उभं. वऱ्हाडी भाऊंनी मंडळांचं जे लिहिलंय तेच इथलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१५ ला इथे शेवटच्या घरापर्यंत वीज अशी योजना आली, कनेक्शनचा दर ३५ हजार शिलिंगवरून १५ हजारवर आणला, तोही हप्त्याने. भराभर कनेक्शनं दिली. पण मी गावांत मीटर बघतो ना, महिन्याला अगदी थोडी युनिटं. दोन बल्ब, मोबाईलचं चार्जिंग, फार तर टीव्ही. एवढ्या वापरावर तारा आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्चही सुटत नाही, मग दुरुस्तीला पैसा नाही, मग लाईट जातात, मग जो गिरणी टाकणार असतो तो डिझेलवरच टाकतो. चक्र आहे ते.

टीव्हीएने हे चक्र उलटं फिरवलं होतं आणि ते काँक्रीटने नाही. एक, दर. घरगुती पहिल्या ५० युनिटांना ३ सेंट, तेव्हा बाकी देशात सरासरी साडेपाचच्या आसपास होता. लोक म्हणाले बुडणार. वापर इतका वाढला की बुडाले नाहीत. दोन, फ्रीज-शेगडी-गिझर घ्यायला स्वस्त हप्त्याचं कर्ज देणारी वेगळी सरकारी संस्थाच काढली, आणि कंपन्यांना सांगितलं की साधं स्वस्त मॉडेल बनवा. तीन, वाटप स्वतः केलंच नाही, नगरपालिका आणि शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्थांना घाऊक वीज विकली. मिसिसिपीतलं टुपेलो १९३४ ला पहिलं गाव. म्हणजे बिल वसूल करणारा गावचाच माणूस.

आता आमच्या शेजारी इथिओपियाने सप्टेंबर २०२५ मध्ये ५,१५० मेगावॅटचं निळ्या नाईलवरचं धरण सुरू केलं, मुख्यतः देशातल्याच पैशावर, त्यातला काही भाग लोकांकडून रोखे घेऊन. त्याबद्दल सलाम आहे, खरंच. पण देशातल्या साधारण निम्म्या लोकांच्या घरात वीज नाही. ज्यांनी शे-दोनशे बिरचा (तिथलं चलन) रोखा घेतला त्यांच्याच घरी तार कधी येणार हा प्रश्न धरणाच्या भिंतीपेक्षा अवघड आहे. आणि तिथं १९६२ ला आवाश खोऱ्याचं प्राधिकरण काढलं तेव्हा नदीकाठची कुरणं कापसा-उसाच्या मळ्यांना गेली, अफार गुराख्यांची उन्हाळ्यातली चराई गेली. त्या अनुभवाबद्दल आताच्या भाषणांत कुणी बोलत नाही.

पाटकरी

नैरोबीकर, मानलं. खुर्चीवर अडून बसलो होतो, गल्ल्याचं लक्षातच आलं नव्हतं. डीव्हीसीकडे गल्ला होता, पण तो कोळशाच्या विजेचा. म्हणून ती त्याच बाजूला वाढत गेली आणि पूर-कालवे मागे पडले, कालव्यांचं काम तर १९६४ मध्ये बंगालकडेच गेलं. ज्याच्यातून पैसा येतो तिकडेच संस्था कलते, रागावून काय उपयोग.

आकडेमोड, तुमच्या शून्य बेरजेवर एक शंका. ती अमेरिकेची बेरीज आहे, जिथं बाकी देशात कारखाने आधीच होते. जिथं एकाच राजधानीत सगळं गोळा झालंय तिथं दुसरं केंद्र उभं करणं म्हणजे पण शून्यच का?

आकडेमोड

प्रामाणिक उत्तर, तो अभ्यास एवढंच सांगतो की टीव्हीएच्या बाबतीत तसं झालं. नैरोबी किंवा ढाक्याबद्दल त्यावरून ठोकून देणं चूक होईल. पण मग पुरावा देण्याची जबाबदारी खोरेवाल्यांवर येते, माझ्यावर नाही :)

गंधाली

सगळे गल्ला, खुर्ची, दर बोलतायत. पाणी शेवटच्या शेतावर कोण सोडतं?

श्रीलंकेत गल ओयाला १९४९ ला टीव्हीएच्याच धर्तीवर बोर्ड काढलं, धरण झालं, वसाहती झाल्या. वसवताना कोण कुठल्या समाजाचा हे न बघता (की बघूनच?) सिंहली शेतकरी आणले, १९५६ ला तिथं तमिळांविरुद्ध दंगल झाली, माणसं मेली. आणि कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नव्हतं ते नव्हतंच. मग १९८० च्या सुमाराला तिथल्याच शेतकऱ्यांचे गट बांधायला काही तरुण पोरं गावात जाऊन राहिली. गट झाले आणि वरचे शेतकरी खालच्यांसाठी पाणी सोडायला लागले, काही ठिकाणी सिंहली डोक्याकडचे तमिळ शेपटाकडच्यांसाठी. तीस वर्षं जे बोर्डाला जमलं नाही ते.

वऱ्हाडी ठेचा

हे वाचून वाघाड आठवलं. नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यातलं धरण, तिथं शेतकऱ्यायच्या पाणी वापर संस्थांनी अख्खा प्रकल्प चालवाले घेतला. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेनं गोळा करून भरायची, कोणाचं पीक कोणतं ते त्याचं तो पाहील. आता द्राक्षं हायेत तिथं. अन् आधी शेपटाले पाणी येतच नव्हतं म्हणतात. मी गेलो होतो पाह्यले, पाटकरी भाऊ, तुमच्या नावाचा माणूस, म्हंजे कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी, तिथं संस्थेच्या पगारावर हाय, सरकारच्या नाही. म्हणून तो फोन उचलते.

पाटकरी

हा हा, आयडीचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. माझे आजोबा खरोखरचे पाटकरी होते, सरकारी पगारावर. रात्री-अपरात्री दार वाजायचं, कधी कोंबडी यायची, कधी शिव्या. त्यांना धरणाचा नकाशा कधी कुणी दाखवला नाही पण कुठल्या दारेला किती वेळ पाणी लागतं ते झोपेत सांगायचे.

नैरोबीकर

पुढच्या महिन्यात मसिंगा धरणाच्या बाजूला जायचंय, इथलं सगळ्यात मोठं साठवण धरण. मीटर तर बघणारच आहे, यावेळी आजूबाजूच्या गावांत किती घरांत फ्रीज आहे तेही मोजून येतो. टाकतो इथेच.

पाटकरी

इस्त्री पण मोजा. आणि पाण्याच्या काठाला राहणार असाल तर मच्छरदाणी न्या, तुमच्या गेटवाल्याकडे डॉक्टरचा नंबर नसणार.